दाराबाहेरचे बूट

त्या वर्षी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या घरात आम्ही तिघं राहत होतो आणि चौथा एक उमेदवार. मी, नवरा, आमची बालवाडीतली मुलगी, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत आपल्या पक्षात सगळ्यांत पुढे असलेला तो सद्गृहस्थ. त्याचा फोटो फ्रिजवर होता. त्याचे बिल्ले चहा-साखरेच्या डब्यांशेजारी वाटीत पडलेले असायचे, आणि त्याची काळजी नवऱ्याच्या डोक्यात चोवीस तास बसलेली असायची. नवऱ्याला नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं. शपथ घेऊन घरी आला त्या दिवसापासून तो असा वागायला लागला की जणू या देशाच्या घरात थोरली सून म्हणून आलाय आणि आता सगळं त्यालाच बघायचंय.

मी अजून ग्रीन कार्डावर होते. मला मत नव्हतं आणि खरं सांगायचं तर नकोच होतं. गेलेली माणसं संध्याकाळी धडधाकट परत यावीत, एवढीच माझी मागणी होती.

मी मुळातच भित्री, हे मान्य. पण तेव्हाची माझी भीती हवेतून आली नव्हती. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे कारखाने एकामागून एक मंदावत होते, माणसं घरी बसत होती, आणि घरी बसलेल्या माणसांना राग कुणावर काढायचा हे ठरवून दिलेलं होतं: जपानी गाड्यांवर. कुठल्याशा जत्रेत पैसे घेऊन जपानी गाडीवर घण घालू देत, आणि लोक रांग लावत. कामगारांच्या हॉलबाहेर परदेशी गाड्यांनी इथे उभं राहू नये अशा पाट्या असत. हे गाड्यांपुरतं राहिलं असतं तर मी काही बोलले नसते. पण थोड्याच काळापूर्वी आमच्याच भागात एका आशियाई तरुणाला मारहाणीत जीव गमवावा लागला होता, आणि जपानी समजून मारलं असं सगळे म्हणत होते. तो जपानी नव्हताच.

"आपण कुठे जपानी दिसतो?" नवरा म्हणायचा.

"मारणारा आधी पासपोर्ट बघतो का?" मी म्हणायचे. यावर तो पेपर वाचायला लागायचा.

पेपरात तेव्हा त्याचा उमेदवार रोज असे. हा सगळ्यांत पुढे आहे, असं पेपर म्हणत, टीव्ही म्हणे, युनियनचे पुढारी म्हणत. अनुभव दांडगा, आधीच्या सरकारात उपराष्ट्राध्यक्ष होता, ओळखी भरपूर, चालचलणूक स्वच्छ. फक्त ज्यांनी त्याला निवडायचं ते त्याच्याच पक्षाचे मतदार तोंड फिरवून बसले होते. म्हणजे स्थळ उत्तम, पत्रिका जुळते, दोन्हीकडचे मोठे तयार, आणि मुलगी म्हणते मला नाही आवडत. मग ईशान्येकडच्या एका लहानशा बर्फाळ राज्यात प्रायमरी, म्हणजे पक्षातल्या पक्षात निवडणूक, झाली आणि तिथे एका तरण्याबांड उमेदवाराने आमच्या स्थळाला धूळ चारली. त्या संध्याकाळी नवरा जेवला नाही. पानातला वरणभात गार होईपर्यंत टीव्हीकडे बघत बसला.

"अहो, एवढं काय त्यात? निवडणूकच आहे," मी म्हटलं.

"हा माणूस बोअर आहे, मान्य," तो म्हणाला. "पण आपल्याला बोअर माणूसच पाहिजे गं. एक्सायटिंग माणसं आली की सगळ्यांत आधी आपल्यासारख्यांची वाट लागते."

मी पान उचलता उचलता थांबले. मला वाटत होतं घरात मी एकटीच घाबरते. हाही घाबरलेला होता. फरक एवढाच, की माझी भीती मला घरात कोंडून ठेवायची आणि त्याची भीती त्याला लोकांच्या दारोदार पाठवायची. माझी भीती निदान स्वस्तात पडायची.

दारोदार पाठवायला निमित्त झाली मास्तरीणबाई. ही निवृत्त शिक्षिका या देशातली आमची पहिली शेजारीण. ट्रॉयमध्ये घर घेण्यापूर्वी आम्ही पलीकडच्या जुन्या गावात भाड्याने राहायचो, कारखान्यातल्या लोकांच्या वस्तीत, तिच्या घराला लागून. मुलगी झाली तेव्हा माझ्या आईला येता आलं नाही. हॉस्पिटलात उशाशी मास्तरीणबाई बसली होती. तिला मी नाही म्हणू शकत नव्हते, नवरा तर नाहीच नाही. ती त्या वस्तीतलं पक्षाचं काम बघायची. मतदान आठवड्यावर आलं असताना ती बर्फावरून घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि तिच्या वाट्याची घरं नवऱ्याकडे आली.

पक्षाच्या लोकांनी नीट समजावून सांगितलं होतं. दारातच उभं राहायचं, आत जायचं नाही, दोन मिनिटांत निघायचं. नवऱ्याने मान डोलावली आणि सगळं सोडून दिलं. तो पुण्याचा, पेठेतला. शाळेत असल्यापासून गणपतीची वर्गणी गोळा केलेली. या देशातल्या लोकांना प्रचार कसा करायचा तेच कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

"उंबऱ्यावरून मागितलं की लोक उंबऱ्यावरूनच वाटेला लावतात," तो म्हणायचा. "आत जायचं. बसायचं. पाणी मागायचं. घरात कोण आजारी आहे विचारायचं. विषय मग आपोआप निघतो."

आणि आत जायचं म्हणजे पायातलं बाहेर. इथले लोक फार तर आत जाऊन पायपुसण्यावर बर्फाचे बूट काढतात. आमचा माणूस पायरीवरच बूट काढायचा, जोडी नीट लावायचा आणि मोज्यांवर आत शिरायचा. दुसऱ्याच्या घरात बूट घालून जाताना चोरी करायला चाललोय असं वाटतं, म्हणे. मला यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग असला की आत कार्य आहे, माणसं आहेत, चहा उकळतोय, एवढंच मला माहीत होतं.

त्या शनिवारी दुपारी निघायच्या वेळी आमच्या गाडीने थंडीत मान टाकली. नवऱ्याने आमच्या मराठी मंडळींतल्या एका डॉक्टरांना फोन केला. नागपूरकडचे, वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणत. ते स्वतःची गाडी घेऊनच आले.

"घेऊन जा रे माझी," किल्ली देत ते म्हणाले. "टेन्शन नको घेऊ यार. एक नंबर गाडी आहे, कधी म्हणून बंद पडत नाही."

कधी बंद पडत नाही, हाच त्या गाडीचा गुन्हा होता. गाडी जपानी होती.

काका गेल्यावर मी दारातच उभी राहिले. "अहो, गाड्या बनवणाऱ्या माणसांकडे तुम्ही या गाडीतून मतं मागायला जाणार?"

"कोपऱ्यावर पार्क करतो. चालत जातो. कोण बघतंय?"

"मग मीही येते."

"तू कशाला?"

"गाडीजवळ थांबायला." खरं कारण हे होतं की घरी बसून वाट बघणं मला झेपलं नसतं. मुलीने मागच्या सीटवरून 'कॅन आय हेल्प डॅडी?' अशी पिरपिर लावली होती. तिला मास्तरीणबाईकडे सोडलं आणि आम्ही तिच्या घरामागच्या गल्लीत शिरलो.

गल्लीचं नशीब बघा. बर्फ उपसणाऱ्या गाडीने दोन्ही कोपऱ्यांवर ढिगारे रचून ठेवले होते. मोकळी जागा एकच, अगदी मधोमध, आणि तिथे आम्ही ती गाडी लावली. दोन्ही बाजूंना बसकी लाकडी घरं, दारांत लांबलचक अमेरिकन गाड्या, काहींवर कित्येक दिवस न हललेला बर्फ. शनिवार होता म्हणून पुरुष घरी होते असं कुणाला वाटेल. ते सोमवारीही घरीच असायचे. नवरा उतरला. मी हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि दारं आतून लावून घेतली.

सुरुवातीची घरं बरी गेली. एका म्हातारीने त्याला कुकी दिली. एकाने आत बसवून घेतलं आणि सांगितलं की तुमचा माणूस ज्याला त्याला हवं ते कबूल करतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा. एकाने तोंडावर दार लावलं. प्रत्येक वेळी नवरा पायरीवर एका पायावर नाचत बूट चढवायचा आणि येऊन मला काचेतून हकीकत सांगायचा.

"लोक चिडलेले नाहीत गं, रुसलेत. जरा समजूत काढली की येतील."

"तुम्ही आटपा," मी म्हणायचे.

शेवटचं घर आमची गाडी उभी होती त्याच बाजूला, अगदी लागून होतं. मास्तरीणबाईने त्या घराबद्दल मुद्दाम सांगून ठेवलं होतं. तिथला माणूस इंजिनं बनतात तिथे कामाला होता, आता घरी आहे. जन्मभर याच पक्षाला मत देत आलाय, पण या वेळी कुणालाच देणार नाही म्हणतो. दार उघडलं तेव्हा चौकटीत मावत नव्हता असा माणूस उभा राहिला. दाढी, चौकड्यांचा शर्ट, हात माझ्या मांडीएवढे. तो काही बोलला, नवरा काही बोलला. मग दार आणखी उघडलं. नवरा वाकला, लेस सोडल्या, बूट पायरीवर एकमेकांना चिकटवून ठेवले आणि आत गेला. दार लागलं.

मी त्या बुटांकडे बघत बसले. तपकिरी, मुलाखतीला घालायचा म्हणून घेतलेला जोड. बारीक बर्फ पडायला लागला होता.

रस्त्याच्या पलीकडे एका गॅरेजचं दार वर केलेलं होतं. आत दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, हातात बिअरचे कॅन. मघापासून ते गाडीकडे बघत होते. आता त्यांतला एक उठला. लाल टोपी होती त्याच्या डोक्यावर. सावकाश रस्ता ओलांडून तो गाडीच्या मागे आला. मला आरशात तो वाकलेला दिसला. डिकीवरचं नाव वाचत होता.

माझा हात कपाळाकडे गेला आणि मी टिकली काढून डॅशबोर्डला चिकटवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. टिकली काढल्याने मी काही कुणी दुसरी होणार नव्हते.

तो माझ्या खिडकीशी आला. काचेतून काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही, आणि काच खाली करायची माझी छाती नव्हती. मी समोर बघत राहिले. त्याने गाडीच्या टपावर तळहाताने थापटलं, म्हशीच्या पाठीवर थापटतात तसं, आणि पुढे गेला. मला वाटलं गेला बाई. पण तो त्या घराच्या पायऱ्यांशी जाऊन थांबला. बुटांकडे बघत राहिला. एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बुटांकडे. मग गॅरेजमध्ये परत गेला आणि भिंतीवरचा फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागला.

फोन कुणाला? आणखी किती जण येणार? हॉर्न वाजवावा तर गॅरेजवाले धावतील. मास्तरीणबाईकडे जाऊन मदत आणावी तर तेवढ्यात इथे काय होईल याचा नेम नाही. मला मुलगी दिसायला लागली, प्लास्टरवर रंगीत पेनने फुलं काढत बसलेली. तिला मी काय सांगणार होते? तुझा बाबा एका उमेदवारासाठी गेला म्हणून?

तेवढ्यात त्या घराचं दार जेमतेम फटीएवढं उघडलं. चौकड्यांच्या बाहीचा एक जाड हात बाहेर आला, त्याने बूट उचलले, आत घेतले. दार लागलं. पाठोपाठ खिडकीचा पडदा ओढला गेला.

याचा मला एकच अर्थ लागला. बूट आत गेले, म्हणजे माणूस इथे आलाच नव्हता असं आता म्हणता येईल.

कसं उतरले ते आठवत नाही. किल्ली काढून मुठीत धरली होती एवढं आठवतं, कारण तिचे दात तळव्यात रुतले होते. गॅरेजकडे न बघता मी पायऱ्या चढले आणि दार ठोठावलं, वाजवलं म्हणण्यापेक्षा बडवलं. तो दाढीवाला समोर उभा राहिला.

"माझा नवरा," मी म्हटलं. पुढचं इंग्रजी मला सुचेना.

तो बाजूला झाला. स्वयंपाकघरात टेबलाशी माझा नवरा मोज्यांवर बसला होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, समोर कॉफीचा मग. बूट भिंतीतल्या हीटरजवळ वर्तमानपत्रावर ठेवलेले. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी असा संताप आला की त्या बुटांनीच त्याला बडवावं.

"अगं, तू कशाला आलीस?" तो मराठीत म्हणाला. "आत्ता कुठे रंगात आलं होतं."

दाढीवाल्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही.

"तुमच्या नवऱ्याला सांगत होतो," तो म्हणाला, "त्या माणसाचं सरकार असतानाच आमच्या कारखान्याला उतरती कळा लागली. आता तो युनियनचं जाकीट घालून फोटो काढतो. मला राग नाही. मला विश्वास नाही."

"पण तो निदान ऐकून घेणारा आहे," नवरा म्हणाला.

"रोज टीव्हीवर सांगतात की तो सगळ्यांत पुढे आहे. पुढे आहे तर त्याला माझी गरज काय?"

नवऱ्याने कॉफीचा मग उचलला. याचं उत्तर फ्रिजवरच्या फोटोकडेही नव्हतं.

दाढीवाला माझ्याकडे वळला. "तुम्हाला काय हवंय?"

"मला घरी जायचंय."

"माझी भीती वाटते तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं.

नवरा चपापला. दाढीवाला खिडकीशी गेला, पडदा बोटाने जरासा सारला आणि बाहेर बघत राहिला.

"ती गाडी तुमची?"

"मित्राची," नवरा म्हणाला.

"देवा." त्याने पडदा सोडला. "हे बघा. समोरच्या त्या दोघांबरोबर मी एकाच लाइनवर काम केलंय. वाईट माणसं नाहीत. पण सकाळपासून त्या गॅरेजात बसून पितायत. बूट मी बर्फासाठी आत नाही घेतले. या रस्त्यावर कुणी पायरीवर बूट ठेवत नाही. पायरीवर बूट दिसले, की आत कोण बसलंय ते सगळ्या रस्त्याला कळतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती. तो आपल्या बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत होता.

"बूट घाला," दाढीवाला जाकीट चढवत म्हणाला. "मी गाडीपर्यंत येतो. चालताना माझ्याशी बोलत राहा. मोठ्याने. काहीही बोला."

नवऱ्याला लेस बांधता येईना. दोनदा गाठ सुटली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याला असं गडबडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मघाशी गाडीत वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. घरात एकाने तरी न घाबरणारं असावं लागतं. मी खाली बसले आणि त्याच्या लेस मी बांधल्या.

आम्ही बाहेर पडलो. गॅरेजमध्ये आता दोघांचे चौघं झाले होते, आणि सगळे उभे होते. दाढीवाल्याने नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठमोठ्याने कुठल्याशा बास्केटबॉल टीमबद्दल बोलायला लागला, मधेच उगाच हसत. आणि माझा नवरा, धन्य त्याची, मोठ्याने काहीही बोला म्हटल्यावर त्याला काय सुचावं? तो उमेदवाराचं शिक्षणविषयक धोरण सांगत होता. सरकारी शाळा, शिक्षकांचे पगार, एकेक मुद्दा. आवाज कापत होता पण मुद्दा चुकत नव्हता. रस्ता तो केवढासा, चार पावलांचा. मला तो संपेना.

"काय रे, नवे दोस्त?" गॅरेजमधून लाल टोपीवाल्याने विचारलं.

"इन्शुरन्सवाले," दाढीवाला तिकडे न बघता म्हणाला.

त्याने आमच्यासाठी गाडीचं दार उघडलं आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "निघा. कोपऱ्यावर थांबू नका."

नवऱ्याने गाडी काढली. आरशात तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आमच्याकडे पाठ आणि गॅरेजकडे तोंड करून. कोपऱ्यावर वळताना मागच्या काचेवर काहीतरी धाडकन आदळलं. बर्फाचा गोळा असेल, कॅन असेल. उतरून बघायचा प्रश्नच नव्हता.

दोन वळणं गेल्यावर नवरा म्हणाला, "तुझी टिकली कुठे गेली?"

मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. त्याने टिकलीकडे पाहिलं आणि गाडी मास्तरीणबाईच्या घराकडे वळवली.

मतदानाच्या दिवशी तो जाऊ नये म्हणून मी जंग जंग पछाडलं. तो गेला, आणि मग मीही गेले, थर्मासभर चहा घेऊन. मास्तरीणबाईच्या वस्तीचं मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. पक्षांतर्गत मतदानाची आमच्या राज्यातली तेव्हाची पद्धत अशी की कागदावर आपली निवड करायची आणि खाली सही करायची. म्हणजे झाकपाक काही नाही. ज्याला बघायचं असेल त्याने बघावं, कोण कुणाकडे आहे. नवरा टेबलाशी बसून कागद देत होता. मी मास्तरीणबाईला कपात चहा ओतून देत होते.

दुपारी तो दाढीवाला आला. बरोबर गॅरेजमधले ते दोघे.

मी ओळखीचं हसायला गेले, आणि त्याची नजर माझ्यावरून भिंतीवरून जावी तशी गेली. मला राग आला. मग मी नीट पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. टेबलाशी येऊन त्याने नवऱ्याच्या हातून कागद घेतला, नाव सांगितलं, नवऱ्याचा चेहरा टाळला.

"अरे," लाल टोपीवाला म्हणाला, "हा तर तुझा इन्शुरन्सवाला."

दाढीवाला जागच्या जागी थिजला. माझ्या हातातला थर्मास तिरका झाला आणि चहा टेबलावर सांडला. नवऱ्याने मान वर केली, लाल टोपीवाल्याकडे पाहिलं आणि ऑफिसात फोनवर बोलतो तशा कोरड्या आवाजात म्हणाला, "गुड आफ्टरनून सर. नाव सांगा प्लीज." दाढीवाल्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जन्मात कधी भेटला नाही असा चेहरा.

टोपीवाल्याने खांदे उडवले आणि नाव सांगितलं.

दाढीवाला भिंतीशी गेला आणि कागदावर वाकला. डावा तळहात त्याने कागदाभोवती धरला होता, आमची मुलगी चित्र काढताना धरते तसा, शेजारच्याला दिसू नये म्हणून. एवढा थोरला माणूस, तोंड भिंतीकडे करून, हाताचा आडोसा करून खूण करत होता. मी ज्याला घाबरून दार बडवलं होतं तो माणूस भीत होता, आणि माझ्यासारखं घरी जाऊन दार लावून घेण्याची सोय त्याला नव्हती. त्याला त्याच रस्त्यावर राहायचं होतं. त्याने कागदाची घडी घातली, बारीक, आणि पेटीत टाकली. जाताना त्याने एकदा टेबलाखाली पाहिलं. नवऱ्याच्या पायांत बूट होते.

आमच्या राज्यात उमेदवार जिंकला. मास्तरीणबाईने प्लास्टरच्या हाताने टाळी वाजवायचा प्रयत्न केला. पुढे पक्षानेही त्यालाच उभं केलं, आणि खऱ्या निवडणुकीत तो असा काही आपटला की नवऱ्याने फ्रिजवरचा फोटो स्वतःच्या हाताने काढला. पण त्या दाढीवाल्याने मत कुणाला दिलं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

"आपल्याच माणसाला," नवरा म्हणतो. "नाहीतर झाकलं कशाला असतं?"

मी म्हणते, ज्याच्याकडे बरोबरचेच संशयाने बघत होते, त्याने काहीही लिहिलं असतं तरी झाकलंच असतं. यावर तो पेपर वाचायला लागतो.

त्याच वर्षी गणपतीत आमच्या घरी आरतीला सगळी मराठी मंडळी आली. ऊन चांगलं लख्ख होतं, दारं-खिडक्या उघड्या. नैवेद्याचं ताट घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले तर आरती सुरू व्हायची होती आणि नवरा दिसेना. तो दारात होता. पायरीवर पाहुण्यांच्या चपलांचा, बुटांचा, पोरांच्या सँडलांचा ढीग पडला होता, आणि तो वाकून दोन्ही हातांनी एकेक जोड उचलून आत आणत होता.

"अरे, राहू दे ना," नागपूरचे काका म्हणाले. "ट्रॉयमध्ये कोण चोरतं यार चपला?"

"पाऊस येईल काका," नवरा म्हणाला.

बाहेर आभाळ निळंभोर होतं. मी ताट खाली ठेवलं आणि उरलेले जोड उचलायला गेले. आम्ही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं, तेव्हाही आणि नंतरही. शेवटचा जोड आत आल्यावर त्याने दार लावलं, कडी घातली, खिडकीशी गेला आणि पडदा ओढून घेतला.